जिवंत माणसांच्या गाद्या

मंगळवार, ५ जून १९६२

रविवारच्या नोंदीत एक चूक राहिली आहे. मी लिहिलं आहे, ‘भगिनी मंडळाच्या बैठकीत शीलाबाईंनी या कामासाठी माझी निवड केली.’ तसं झालं नव्हतं. शीलाबाईंनी विचारलं, “मग हे कोण करेल?” आणि सगळ्या बायकांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले. माझ्या हातात कप नव्हता, किटली होती. शीलाबाई म्हणाल्या, “जया करेल.” याला निवड म्हणत नाहीत. डायरीत खोटं नको, म्हणून दुरुस्त केलं.

काम असं आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ट्रेनी हॉस्टेलमधल्या इंजिनियर मुलांचं ट्रेनिंग संपलं. काहींना इथेच वसाहतीच्या सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, काही दुर्गापूरला, राउरकेल्याला गेले. जाताना अर्धं सामान खोल्यांतच सोडून गेले. जुलैत नवी बॅच येणार. वॉर्डनसाहेब म्हणतात, महिनाअखेरपर्यंत उचला, नाहीतर मागच्या खड्ड्यात टाकून पेटवतो. शीलाबाईंचे मिस्टर मोठे ऑफिसर, त्यामुळे त्यांना हे आधी कळलं. त्यांनी ठरवलं की सामान खुर्सीपारला ठेकेदाराच्या मजुरांना वाटायचं. १ जुलैला समारंभ, स्टेज, फोटो.

मी मंडळाच्या शिवणवर्गात शिकवते, पण टेंपररी. शीलाबाई म्हणाल्या, “हे नीट पार पाडलंस की तुला पक्कं करायचं बघते.” आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बाबा प्लांटमध्ये रिगर आहेत, उंचावर चढून क्रेनचे दोरखंड बांधतात. सही करतात, पण तेवढा वेळ श्वास रोखून धरतात. माय अंगठा लावते. पक्की नोकरी मिळाली की ‘आता पुरे झालं शिकणं-शिकवणं’ असं गावाकडचं कुणी म्हणू शकणार नाही. टेंपररी आहे तोवर सगळेच म्हणू शकतात, आणि म्हणतात.

गुरुवार, ७ जून

आज हॉस्टेल पाहिलं. चौकीदार भैयालाल किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे, मी मागे. पहिल्या खोलीचं दार उघडताना तो म्हणाला, “नाकाले पदर लावा बाई. शिकले-सवरलेले पोट्टे राहत होते इथं.”

गाद्या, उशा, छत्र्या, चपला, पितळेचे तांबे, वीज गेली तर लागणारे कंदील. ड्रॉइंग बोर्ड. टाय. रशियन भाषा शिकायची पुस्तकं: पहिला धडा बोटांनी काळा झालेला, दुसऱ्यापासून पुढे पानं कोरी करकरीत. एक हार्मोनियम आहे, वाजत नाही. भैयालाल म्हणाला, “वाजत होती तवा जास्त तकलीफ होती.”

अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या वड्या खूप निघाल्या. त्या वाटाव्यात का? दुसऱ्याच्या अंगाला लागलेला साबण. पण साबण स्वतः तर स्वच्छच असतो. फार वेळ विचार केला. उत्तर मिळालं नाही. वड्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

तेवढ्यात एक माणूस आला. शामसुंदर नाव, अमरावतीकडचे, याच बॅचचे. आता सेक्टरमध्ये राहतात. म्हणाले, चप्पल राहिली. मी सगळ्या चपला दाखवल्या. त्यांनी एकेक जोड पायात घालून पाहिला आणि प्रत्येक वेळी “नाही, ही नव्हे” म्हणाले. मध्येच विचारलं, “तुम्ही रोज येणार का इथे?” मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत. मग ते गेले. गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पायात चप्पल होतीच. फार विसराळू माणूस. यांच्या हाताखाली मशीन कशी चालत असेल?

सोमवार, ११ जून

गाद्या तीन दिवस उन्हात घातल्या. ढेकणांसाठी डी.डी.टी. मारलं. तांबे चिंचेनं घासले. छत्र्यांच्या कापडातून निसटलेल्या काड्या शिवल्या.

वाटायचं कसं, यावर मी खूप विचार केला. गेल्या वर्षी शेजारच्या सुपेल्यात कुणीतरी जुन्या कपड्यांचा ढीग रस्त्यावर ओतला होता. लोक तुटून पडले. एका बाईला फक्त डाव्या पायाचा बूट मिळाला आणि तो घेऊन ती भांडत होती. तसं होऊ द्यायचं नाही. माणसांना माणसासारखं द्यावं. म्हणून मी एकेका घरासाठी पूर्ण संच केला. गादी गुंडाळली, त्यात उशी, वर छत्री, जोडा, तांब्या आणि कंदील, आणि स्वच्छ पांढऱ्या चादरीत नीट बांधलं. एकालाही कमी-जास्त नाही. ओळीनं मांडल्यावर इतकं शोभून दिसलं की भैयालाल बराच वेळ टोपी हातात धरून बघत उभा राहिला. मी विचारलं, “छान झालं ना?” तो म्हणाला, “झालं तं बराबर हाय बाई. पूरं हाय.” आणि बिडी न ओढताच निघून गेला.

समारंभ जुलैत असला तरी मी आधी एकदा वस्तीत नेऊन दाखवणार आहे. शीलाबाईंना विचारलं नाही. आपण देतो ते लोकांना हवं आहे का, हे बघायला नको का?

बाबांना हे काम आवडलेलं नाही. “दुसऱ्याच्या अंगाचं उतरलेलं कोनाले द्याचं नाई अन् आपन घ्याचं नाई. मी धा मजले वर चढून कमावतो, ते कायले?” मी म्हटलं, आपण कुठे घेतोय बाबा. ते म्हणाले, “हात तं लावून राहिली ना.”

शामसुंदर परत आले होते. आज छत्री राहिली म्हणाले. मी संच सोडायला नकार दिला. त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी गाठी मारायला मदत केली. गाठी सैल होत्या, मी नंतर परत मारल्या.

गुरुवार, १४ जून

आजचा दिवस मी विसरणार नाही.

आमच्या क्वार्टरच्या मागे नाला आहे, पलीकडे खुर्सीपारची मजुरांची वस्ती. अर्धी आमच्या भंडाऱ्याकडची माणसं, अर्धी इथली छत्तीसगढी. ठेल्यावर संच रचून मी गेले. मला वाटलं होतं गलका होईल. गलका झालाच नाही. बायका कामावरून आल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. एकेकीनं डोक्यावर पदर घेतला. पुरुषांनी बिड्या विझवल्या. मी संच खाली उतरवले तसे एका म्हाताऱ्यानं गाठोड्याला हात जोडले. भागाबाई म्हणून एक आहे, रेजा आहे, बांधकामावर माती-विटा वाहते, तोंडानं फार फटकळ. तिच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “इतके सारे वो? जवान पोरं?”

मी म्हटलं, हो, सगळी मोठमोठी शिकलेली मुलं होती.

कुणीच काही उचललं नाही. एवढी कृतज्ञता आणि एवढा संकोच मी पाहिला नव्हता. शेवटी मीच एकेका झोपडीच्या दारात एकेक संच ठेवला आणि त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मागे न बघता घरी आले.

गरिबांना मन नसतं असं म्हणणाऱ्यांनी आज तिथे यायला हवं होतं.

शुक्रवार, १५ जून

वर काल जे लिहिलं ते तसंच ठेवते, खोडत नाही. शिक्षा म्हणून.

सकाळी माय पाणी भरून आली ती हंडा न ठेवताच बोलायला लागली. “जया, नाल्याच्या पिंपळाखाली काय करून ठेवलं वो तू?”

जाऊन पाहिलं. सगळे संच पिंपळाखाली ओळीनं. प्रत्येकावर फूल. एका तांब्यावर भाताचा गोळा ठेवला होता आणि एक कावळा तो निवांत खात होता. आजूबाजूला चार कावळे नंबर लावून बसले होते.

घरी येऊन मी मायसमोर बसले. ती म्हणाली, “कावून वो, तुले खरंच नाई समजलं? गादी, उशी, छत्री, जोडा, तांब्या, कंदील. पांढऱ्या कपड्यात. तेरवीले शेज देतात, थे का वेगळी राहते?”

मी एकेक वस्तू बोटांवर मोजली.

“आजाच्या तेरवीले होती ना तू?”

“माझी परीक्षा होती.”

“परीक्षा होती! बुंदीच्या पंगतीत तं बराबर होती.”

माणूस गेला की तेराव्या दिवशी त्याच्या नावानं पूर्ण शेज देतात. वरच्या वाटेवर त्याला निजायला गादी, उन्हाला छत्री, काट्यांना जोडा. ती घेणारा ब्राह्मण ठरलेला असतो, आणि तोसुद्धा ती हसत हसत घेत नाही. मी ती झोपडी-झोपडीच्या दारात ठेवून आले. एक नाही, अख्ख्या हॉस्टेलची.

मी सगळं ढिगानं ओतलं असतं, तर लोकांनी भांडून का होईना, नेलं असतं. मी नीटनेटकेपणा केला, तिथे घात झाला.

माय दिवसभर अधूनमधून हसते आहे. एकदा तर चुलीपुढे इतकी हसली की भाकरी करपली.

रविवार, १७ जून

सुपेल्याच्या बाजारात बातमी पसरली आहे की प्लांटमध्ये मोठा अपघात झाला, हॉस्टेलची सगळी पोरं एका रात्रीत गेली आणि साहेबांनी दडवून ठेवलं. बाबांना ड्युटीवर चार जणांनी विचारलं. बाबा म्हणाले, “माह्या पोरीनं मारले.” हे त्यांनी सरळ चेहऱ्यानं सांगितलं म्हणे, त्यामुळे आणखी वाढलं.

शामसुंदर संध्याकाळी आमच्या दारात उभे. क्वार्टर कसं सापडलं ते विचारायचं राहिलं. ते बाजारात केळी घेत होते, तेवढ्यात भागाबाईनं त्यांना पाहिलं. तिनं त्यांना मागे प्लांटच्या गेटवर पाहिलेलं होतं. वांग्याची टोपली तिथेच टाकून ती ओरडत पळाली.

“माझी तेरवी झाली म्हणतात,” ते म्हणाले. “मला बोलावलंसुद्धा नाही तुम्ही. जेवण काय होतं?”

मला रडू आलं. ते घाबरले. केळी माझ्या हातात देऊन म्हणाले, “अहो, नका. मी मेलो त्याचं मला काहीच वाटत नाही.” यानं कुणाला बरं वाटेल, असं त्यांना का वाटावं कळत नाही.

माय आतून ऐकत होती. म्हणाली, “बसा जी. मेलेल्या मानसाले च्या चालते का?”

बुधवार, २० जून

संच पिंपळाखालून हॉस्टेलवर परत आणले आणि मोडून पाहिले. फक्त गाद्या नेल्या; बायका विचारतात, “छत्री कुठी हाय?” फक्त छत्र्या नेल्या, तर म्हणतात गादी कुठी आहे. एकदा दिसलेलं दिसतच राहतं. मी समजावून सांगितलं की मुलं जिवंत आहेत. भागाबाई म्हणाली, “अस्सं? मंग जित्या मानसाची शेज काढली तू? हे तं त्याहून खराब.”

तिकडे वॉर्डनसाहेबांनी खड्डा साफ करून ठेवला आहे.

शामसुंदर म्हणतात, मुलांनाच वस्तीत नेऊन दाखवू. जी भिलाईत आहेत ती येतील. मला हे बरं वाटत नाही. माणसं काय प्रदर्शनात मांडायची? आणि जिवंत आहोत हे सिद्ध करायला कुणाच्या दारात उभं राहणं अपमानाचं नाही का? ते म्हणाले, “जयाबाई, आम्ही दोन वर्षं ट्रेनी होतो. अपमान आमच्या सिलॅबसमध्येच होता.”

मायनं भाजी निवडता निवडता निकाल दिला. “दाखवून काय होते? भुतं बी दिसतात. त्याईले जेवाले बलाव. अन् त्यायनं आपापली चीज आपल्या हातानं आनली पाह्यजे. दान कोनाले नको रायते वो. पन पाव्हना काई घेऊन आला तं त्याले कोनी नाई म्हनत नाई.”

मी विचारलं, वस्तीतल्या बायकांनी आधी त्यांना जेवायला का घालावं? त्यांनाच कमी असतं.

माय म्हणाली, “तुले काय ठाऊक कोनापाशी का हाय ते. इचार तं खरी.”

रविवार, २४ जून

आले. सगळे नाही, पण पुरेसे. प्रत्येकाच्या डोक्यावर गादी, काखेत छत्री. अरुणकुमार नावाचा एक जाडजूड मुलगा गादीखाली इतका झाकला गेला होता की नुसती गादीच चालत येते आहे असं वाटून दोन कुत्री पळाली.

वस्ती झोपड्यांच्या दारांत उभी. भागाबाई पुढे झाली. आधी तिनं सगळ्यांचे पाय पाहिले, उलटे नाहीत ना. मग सावल्या पाहिल्या. मग अरुणकुमारच्या दंडाला जोरात चिमटा काढला. तो ओरडला. ती म्हणाली, “ओरडते तं. पन जेवते का पाहू.”

भात, लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी आणि ठेचा. प्रत्येक घरानं एकेक मुलगा वाटून घेतला. अरुणकुमार भागाबाईकडे. ठेच्याच्या दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि भागाबाईनं बाहेर येऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, “जिता हाय वो! मेलेल्याच्या डोळ्यात पानी नाई येत!” त्यानंतर मात्र गलका झाला, जो मला पहिल्या दिवशी हवा होता.

जेवून उठताना प्रत्येकानं आपलं सामान त्या घरात ठेवलं. कुणी नाही म्हटलं नाही. दुर्गापूरला गेलेल्यांच्या गाद्या उरल्या होत्या, त्या पण अरुणकुमारनं आणल्या. भागाबाई म्हणाली, “येवढ्या गाद्यांवर एकलाच निजे का रे तू?” तो म्हणाला, “हां मावशी, मैं बहुत सोता था.” हे खोटं आहे, याची इथे नोंद करते. मी तिथे बोलले नाही, याचीही.

साबणाच्या वड्यांचं काय करायचं ते विचारलं, तर बायकांनी माझ्या हातातून घेतल्याच. त्यांना काहीच प्रश्न पडला नाही.

शामसुंदर आमच्याकडे जेवले. मायनं परस्पर ठरवलं होतं. ते ड्रॉइंग बोर्ड घेऊन आले होते. मी बाबांकडे पाहिलं. उतरलेलं! बाबांनी बोर्ड उलटापालटा केला, लाकडावर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, “पाव्हन्यानं आनला हाय. राहू दे.” मग दोघं क्रेनच्या दोरखंडाबद्दल खूप वेळ बोलले. मायनं त्यांना गाव कोणतं, घरी कोण-कोण, बहिणी किती, लग्नं झाली का, सगळं विचारलं. सामान नक्की त्यांचंच आहे ना याची खात्री करून घेत असावी. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मंगळवार, २६ जून

सकाळी वस्तीत जाऊन आले. एका बाईनं टायचा परकराचा नाडा केला आहे. दुसरीनं रेशमी टाय बकरीला बांधला आहे. बकरी फार रुबाबदार दिसते. तिथे आलेल्या एका ड्रॉइंग बोर्डावर पापड वाळत आहेत. रशियन पुस्तकांचा पहिला धडा चुलीत गेला, बाकीची पानं कोरी म्हणून मुलांना लिहायला ठेवली. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं होतं.

दुपारी शीलाबाईंकडे हे सांगायला गेले. मला वाटलं त्या खूश होतील.

“वाटलंस?” त्या म्हणाल्या. “समारंभाच्या आधी? मग समारंभात काय वाटायचं?”

मी म्हटलं, समारंभाची गरजच उरली नाही बाई. सगळं पोचलं.

“जया, पाहुण्यांना बोलावणं गेलंय. फोटोग्राफर रायपूरहून येतोय. त्या दुसऱ्या सेक्टरच्या मंडळानं नुसती लोणची घातली तर त्यांचा फोटो पेपरात आला. आम्ही काय लोणच्यापेक्षा कमी आहोत?” मग शांतपणे म्हणाल्या, “असं कर. एका दिवसासाठी परत आण. स्टेजवर एकेकीला बोलावू, हातात देऊ, फोटो होईल, मग घेऊन जातील घरी. त्यांचं काय जातंय? आणि नुसत्या गाद्या नकोत, तू केले होतेस ना तसे पूर्ण संच कर. पांढऱ्या चादरीत, वर लाल रिबीन. तुझं पक्कं करायचं पत्र मी त्याच दिवशी स्टेजवर देते. फोटोत तूही येशील.”

त्या वाईट नाहीत. हे सांगताना त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सरबत दिलं.

मी “बरं” म्हटलं.

हे लिहायचं नव्हतं. पण म्हटलं, ते म्हटलं.

बुधवार, २७ जून

भागाबाईकडे गेले. तिच्या सुनेला, गुलाबला, गेल्या आठवड्यात मुलगी झाली. ती अरुणकुमारच्या गादीवर बाळाला घेऊन पडली होती. मी आडवळणानं सुरुवात केली. भागाबाईला आडवळण चालत नाही.

“बोल ना सीधं. का झालं?”

मी शीलाबाईंचं म्हणणं सांगितलं. चादर, रिबीन, स्टेज. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “पाव्हन्यानं आनलेलं परत द्याचं, अन् मंग शेज बांधून घ्याची. त्या पोट्ट्याले मी माह्या हातानं जेवू घातलं वो.”

मी म्हटलं, एका दिवसाचाच प्रश्न आहे.

“मंग दुसऱ्या दिवशी त्या गादीवर लेकराले कोन निजवन?”

मी निघाले, तर तिनं विचारलं, “नाई आनलं तं तुले काई होते का?”

मी खोटं बोलले नाही. बोलायला हवं होतं. म्हटलं, माझी नोकरी पक्की व्हायची आहे, ती होणार नाही.

भागाबाई आत वळली. “गुलाब, ऊठ वो माय. गादी गुंडाळ. जयाची नोकरी हाय.” आणि माझ्याकडे पाहून हसली, “मरू दे त्या जाड्याले एक दिवस. पहिलेही मेला होता.”

आणि गुलाब खरंच उठायला लागली. एका हातात बाळ, दुसरा हात जमिनीला टेकून. काही विचारलंसुद्धा नाही.

मी “नको, नको” करत बाहेर पळाले. नाल्यात एक चप्पल गेली. दुसरी हातात घेऊन घरी आले.

गुरुवार, २८ जून

माय म्हणाली, “वस्ती तुह्यासाठी देईन. म्हनून तं मागता येत नाई.” बाबांची सकाळची पाळी होती. मी जेवणाचा डबा दिला तेव्हा म्हणाले, “वरतून खाली पाहिलं का चक्कर येते. म्हनून आमी पाय कुठी ठेवाचा तेवढंच पाहतो.” मग गेले. एरवी ते मला कामाबद्दल कधी काही सांगत नाहीत.

शिवणवर्गात आज मन नव्हतं. एका मुलीच्या पोलक्याला मी दोन डावे हात लावून दिले. परत उसवून दिलं आणि माफी मागितली.

शामसुंदर आले होते. त्यांना सगळं कळलं आहे. मायनं सांगितलं असणार. म्हणाले, मी शीलाबाईंकडे तुमच्याबरोबर येतो. मी नको म्हटलं. ते हसवतील आणि मग शीलाबाई हसतील आणि गोष्ट तशीच राहील. ते म्हणाले, “बरं. तुमचं होऊ द्या. मग मला तुमच्या बाबांना काही विचारायचं आहे.” मी म्हटलं, विचारा की, बाबांना रिगिंगमधलं सगळं येतं. त्यांचे कान लाल झाले होते. ऊन फार आहे सध्या.

शीलाबाईंना काय म्हणायचं ते लिहून पाहिलं. पहिल्यांदा झालं, “मला वाटतं की कदाचित हे योग्य होईल की नाही.” खोडलं. यातून त्यांना काहीच कळणार नाही आणि त्या सरबत देतील. मग झालं, “बायका तयार नाहीत.” हे खोटं आहे. त्या तयार आहेत. तयार नाही ती मी. मग झालं, “माझं पक्कं करणं राहू द्या.” हेही काढलं. ते म्हणायचं असेल तर शीलाबाईंनी म्हणावं, मी कशाला त्यांचं काम सोपं करू?

उरलं ते एवढंच: “सामान परत येणार नाही. ते आता त्यांचं आहे. मी ‘बरं’ म्हटलं होतं, ते चुकून म्हटलं.”

आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज कापतो. शेवटच्या वाक्याला जास्त. तरी ते काढणार नाही.

शनिवारी सांगितलं तरी चालेल असं एक मन म्हणतं. पण शनिवारी मैदानात स्टेज बांधायला माणसं येतील, खुर्च्या येतील, शीलाबाई नवी साडी काढतील, आणि मला त्यांची दया येईल. मला लवकर दया येते, आणि दया आली की मी “बरं” म्हणते. म्हणून शनिवार नाही.

उद्या वर्ग सुटल्यावर शीलाबाई वर्गाची किल्ली घ्यायला स्वतः येतात. तेव्हा उभ्यानंच सांगणार, बसायच्या आत. शुक्रवार, २९ जून.